कांताबाईंचा खराटा आणि आमचा फळा

फळ्यावर लिहायला मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकले. फळा पुसायला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. गोदाघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचे वाचनालय आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असा सिमेंटचा काळा फळा आहे. मी आत ग्रंथपाल. बाहेरचा फळा आमचे शिपाई रामभाऊ लिहीत. संध्याकाळी सर्वांत शेवटी निघणारी मी, म्हणून तो पुसण्याचे काम माझ्याकडे. रामभाऊंना मोतीबिंदूने दिसेनासे झाले, तेव्हा एका सकाळी त्यांनी खडूची डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर कार्डावर वाया चाललंय."

मी संस्कृत घेऊन एम. ए. झालेली बाई. भाषणाला उभी राहिले की जीभ टाळूला चिकटते. माझी उत्तरे मला नेहमी निघताना, चपला घालताना सुचतात. फळ्याचे काम मला मानवले ते याच कारणाने: लोकांकडे पाठ करून बोलता येते.

या कामाला फलकलेखन असे भारदस्त नाव आहे. ते दिसते तितके सोपे नाही. फळा आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. कोरड्या डस्टरने पुसला तर भुकटी फळ्याच्या रंध्रांत बसते आणि दुसऱ्या दिवशीचे अक्षर मळकट उमटते. सकाळी सुताची दोरी खडूच्या भुकटीत घोळवून दोन टोकांना ताणायची आणि मध्ये टिचकी मारायची, की सरळ रेघ मिळते. अक्षर खडूच्या टोकाने काढायचे नसते. तुकडा आडवा धरून त्याच्या कडेने काढायचे असते. स्कूटरवरून जाणाऱ्याला वाचता यावे म्हणून अक्षर चार बोटांहून लहान नको आणि ओळी पाचांहून अधिक नकोत. रंगीत चित्र काढायचे असेल तर खडू साखरेच्या दाट पाण्यात दहा मिनिटे भिजवावा. मग रंग तैलरंगासारखा चढतो आणि वाऱ्याने झडत नाही. याचे तोटे दोन. मुंग्या येतात, आणि पुसताना घाम फुटतो.

सुरुवातीची चार-पाच वर्षे मी सुविचार लिहिले. वाचकही तऱ्हेतऱ्हेचे मिळाले. एक निवृत्त गृहस्थ रोज फळ्यासमोर थांबून हात जोडत. सुविचाराला जोडत तसेच ते 'उद्या पाणीपुरवठा बंद राहील' या सूचनेलाही जोडत. विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी पुस्तक बदलायला येत. लिलाव बंद पडले होते तेव्हा ते म्हणाले, "बाई, फळ्यावर एक रडणारा कांदा काढा." मी दबकत म्हटले, "कांदा रडवतो हो, रडत नाही." ते म्हणाले, "मग आम्हाला काढा!" मी खरोखरच त्यांना काढले: पागोटे, जाड मिशा आणि डोळ्याला लावलेला रुमाल. दिवसभर लोक थांबून हसत होते. एखादे चित्र रस्ता अडवू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर मी वाचनालयासमोरचा खड्डा काढला. पावसाळ्यात तो तुडुंब भरला होता. त्यात एक होडी, होडीत छत्री घेतलेले कुटुंब आणि खाली 'नौकाविहार, प्रवेश विनामूल्य' अशी ओळ. तिसऱ्या दिवशी खड्डा बुजला. चौथ्या दिवशी, खड्डा बुजवल्याबद्दल प्रभागाचे नेते भाऊ यांचे आभार मानणारा, भाऊंच्याच हसऱ्या छायाचित्राचा फ्लेक्स त्या जागी लागला. खड्डा पुढच्या पावसात पुन्हा पडला. फ्लेक्स मात्र तसाच होता. त्या वेळी मला या प्रकाराचे हसू आले होते. आज येत नाही.

आता मूळ गोष्ट.

कांताबाई घाटावर आणि आमच्या रस्त्यावर झाडलोट करत. कंत्राटी काम, मुकादमाने 'ये' म्हटले की यायचे. पन्नाशीच्या, काटक, आणि तोंडाने फटकळ. सकाळी मी फळा लिहीत असताना त्या खालचा पदपथ झाडत, आणि माझ्या खडूचा चुरा पडला की म्हणत, "बाई, तुम्ही वर लिवता अन् खाली मला कामाला लावता." त्यांचा खराटा सगळ्या घाटावर ओळखू येई. दांड्याला सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे आणि त्यांवर पोपटी लुगड्याच्या काठाची पट्टी गच्च बांधलेली. ही पट्टी नटण्यासाठी आहे, असा माझा समज होता; ती तळहात सोलू नये म्हणून असते, हे फार उशिरा कळले.

श्रावणातल्या एका सोमवारी घाटावर एका मठाचा मोठा कार्यक्रम होता. महाराज येणार, भाऊ येणार, म्हणून बायका पहाटेपासून पायऱ्या धूत होत्या. नऊच्या सुमारास कांताबाई जवळजवळ पळत वाचनालयात आल्या.

"बाई, लय घाई हाय. जाऊ का आत?"

आमच्या स्वच्छतागृहावर 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी आहे. ती मीच, माझ्या अक्षरात लिहिलेली. मी "हो हो, जा ना," म्हटले खरे, पण त्याआधी माझी नजर पाटीकडे गेली आणि ती गेलेली कांताबाईंनी पाहिली. बाहेर आल्यावर पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "घाटावरच्या संडासाला कुलूप ठोकलंय. महाराजांच्या मान्सांसाठी ठेवलाय म्हनं. आम्ही सोळा जनी. सकाळधरनं एक घोट पानी प्यालो नाय, जायला लागंल म्हनून."

हे त्यांनी हसत सांगितले. मला त्या हसण्याचा राग आला, आणि मग राग कोणाचा यायला हवा हे लक्षात येऊन स्वतःचा आला.

दुपारी मी घाटावर गेले. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराला मोठे पितळी कुलूप होते आणि वर छापील कागद: 'श्रावणमासात पूज्य महाराजांच्या शिष्यपरिवारासाठी राखीव'. पलीकडे मंडपात महाराजांचे प्रवचन चालू होते. विषय होता, सेवेकरी हाच खरा साधू. प्रवचन संपले आणि चांदीच्या ताटात एक कोरी केरसुणी आणली गेली. लक्ष्मीपूजनाला आपण सगळेच केरसुणीला हळदकुंकू वाहतो; आमच्या घरीही वाहतात. महाराजांनी तिला हार घातला, भाऊंनी आरती ओवाळली, छायाचित्रकारांनी दोघांना केरसुणीकडे तोंड करून उभे केले. पायऱ्या धुणाऱ्या बायका मंडपाच्या दोरीबाहेर उभ्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "केरसुनीनं घाट झाडून दाखवा म्हनावं. हितं खराटा लागतो."

मी श्रद्धाळू आहे. रोजची पूजा माझ्या हातून चुकत नाही. म्हणूनच त्या ताटाकडे पाहताना मला झालेला संताप शब्दांत मांडता येत नव्हता. ज्या वस्तूची पूजा करायची तिच्यामागचा हात दोरीबाहेर ठेवायचा, आणि त्या हाताच्या देहधर्मालाही कुलूप घालायचे, याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे? मी इतकी वर्षे संस्कृत वाचले. मला तरी तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खडू साखरेत नेहमीपेक्षा जास्त वेळ भिजवले. फळ्यावर पालखी काढली. पालखीत हार घातलेला खराटा, पालखीपुढे छत्री धरलेले भाऊ, मागे आशीर्वादाचा हात वर केलेले महाराज. आणि उजव्या कोपऱ्यात एक बंद दार, त्याला कुलूप, दारासमोर पाठमोऱ्या उभ्या बायकांची रांग. अक्षर एकही लिहिले नाही. खराटा मन लावून काढला. ट्यूबचे दोन वेढे काढले, पोपटी पट्टी काढली, तिच्या गाठीचे सुटलेले दोन दोरेसुद्धा काढले. चित्रात खरेपणा अशा तपशिलाने येतो, याचा मला अभिमान होता.

दहा वाजेपर्यंत रस्ता अडला होता. अकरा वाजता भाऊंचा एक कार्यकर्ता आला. त्याने खिशातला रुमाल काढून महाराजांचा चेहरा पुसायला घेतला. चेहरा पुसला गेला नाही. त्याच्या हातावर मुंग्या मात्र चढल्या.

"मावशी, ऑइलपेंट मारलाय का?" हात झटकत त्याने विचारले.

"नाही. साखर आहे."

"साखर! म्हणजे गोड बोलून मारता होय!" असे म्हणून तो हसला, मग आपण हसायला आलेलो नाही हे आठवून गंभीर झाला. "महाराजांच्या भावना दुखावल्यात. भाऊंच्या बी."

त्या दिवशी कोणीही चित्र पुसू शकले नाही. मी मनातून खूश होते, हे कबूल करते. बुधवारी सकाळी मात्र पदपथ झाडायला कांताबाई आल्या नाहीत. चित्र पाहिल्याबरोबर मुकादमाने खराटा ओळखला होता. सोळा बायकांपैकी तक्रार घेऊन वाचनालयात कोण गेली, हे शोधायला त्याला कोणाला विचारावेही लागले नाही. सगळे मीच काढून दिले होते. "उद्यापासून येऊ नको," इतकेच तो त्यांना म्हणाला.

पाठमोऱ्या बायकांचे चेहरे मी मुद्दाम दाखवले नव्हते, कोणाला त्रास होऊ नये म्हणून. पण ज्याने जन्मभर बाईकडे पाहिले नाही, फक्त तिच्या हातातल्या अवजाराकडे पाहिले, त्या मुकादमाला चेहऱ्याची गरजच नव्हती. हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आले नाही.

गुरुवारी आमचे चिटणीस, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मला मठात घेऊन गेले. महाराज अतिशय सौम्यपणे बोलले.

"माते, आपला हात सिद्ध आहे. चित्र उत्तम होते. परंतु समाज एकत्र राखायचा असेल तर काही दारांकडे पाहू नये. आपण दोन ओळी दिलगिरीच्या लिहाव्यात. त्या बाईचे काम सोमवारपासून पूर्ववत होईल. भाऊंनी शब्द दिला आहे."

मी नुसती मान हलवली असावी, कारण अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाहेर आलो, चपलांच्या रांगेत मी माझ्या चपला शोधू लागले आणि तेव्हा उत्तर सुचले: दाराकडे पाहू नये, असे ज्याच्यासाठी दार उघडे आहे तोच म्हणू शकतो. मी वळले. तोवर महाराज आत गेले होते, आणि अण्णा म्हणाले, "चला आता, रिक्षा थांबलीय."

मी दिलगिरी लिहिली. कांताबाईंचे काम परत मिळावे म्हणून लिहिली, पण लिहिली. आधी गरम पाणी आणि काथ्या घेऊन चित्र तासभर घासले. 'आमच्या चित्रामुळे ज्यांच्या भावना दुखावल्या, त्यांची आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो.' भरीव अक्षर, चोहोबाजूंनी वेलबुट्टी. माझ्या हातून उतरलेले ते सर्वांत देखणे अक्षर होते. त्याची आठवण झाली की आजही जेवण गोड लागत नाही.

सोमवार आला. कांताबाईंना कोणी बोलावले नाही. मुकादमाचे म्हणणे, "वरनं सांगावा आला नाय." मंगळवारी सकाळी त्या खराटा खांद्यावर टाकून वाचनालयाच्या पायरीशी आल्या आणि फळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "वाचून दावा."

मी वाचून दाखवले.

"कशापायी?"

"तुमचं काम परत मिळावं म्हणून. त्यांनी शब्द दिला होता."

"मला इचारलं?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"चित्तर काढलं तवा इचारलं नाय. माफी मागितली तवा बी नाय. बाई, खराटा माझा, काम माझं, आन् माफी तुमची? मी काय चोरी केली व्हती?" रस्त्यावरची माणसे थांबली होती. कांताबाईंना त्याची पर्वा नव्हती. "त्यांनी कुलूप ठोकलं मला न इचारता. तुम्ही माझं चित्तर टांगलं मला न इचारता. तुमच्यात आन् त्यांच्यात काय फरक हाय, सांगा की. तुम्ही शिकलेल्या."

या प्रश्नाचे उत्तर मला चपला घालतानाही सुचले नाही. अजून सुचलेले नाही. मी एवढेच म्हणाले, "चुकले माझे."

कांताबाईंनी पुन्हा फळ्याकडे पाहिले. साखरेचे रंग संपूर्ण जात नाहीत. क्षमायाचनेच्या अक्षरांमागे खराट्याची फिकट आकृती अजून दिसत होती. कांताबाईंना एकदम हसू आले. "गेला नाय बगा. माझ्यावानीच हाय."

मी धीर करून विचारले, "आता काय काढू? तुम्ही सांगा."

त्यांनी पदर खोचला. "आदी ह्ये पुसा. मग माझं नाव टाका, मोठं."

"पूर्ण नाव? म्हणजे नवऱ्याचे वगैरे?"

"नवरा काय झाडत व्हता का? नुसतं कांताबाई. खराटा काढा, हाच. कुलूप काढा."

"आणि महाराज? भाऊ?"

"त्यांना नका घेऊ. त्यांचं फोटू लय हायेत गावात. कुलूप मोठं काढा. खाली लिवा, कधी काढनार."

मी त्यांच्यासमोर, त्यांच्या सांगण्याबरहुकूम काढले. दुपारपर्यंत घाटावरच्या बायका एकेक करून आल्या. कोणी घोषणा दिली नाही. आपापला खराटा प्रत्येकीने फळ्याखालच्या भिंतीला उभा करून ठेवला आणि त्या पायरीवर बसल्या. पंधरा खराटे, आणि फळ्यावर सोळावा. मी आत जाऊन 'फक्त सभासदांसाठी' ही पाटी काढली आणि मागच्या खोलीत, फाटक्या पुस्तकांच्या ढिगात ठेवली. इतक्या उशिरा केलेल्या गोष्टीचा उल्लेख करतानाही संकोच वाटतो.

घाटावरचे कुलूप दोन दिवसांनी निघाले. कोणी काढले ते कळले नाही. त्याच्या शेजारी 'महिला भगिनींसाठी स्वच्छतागृह खुले केल्याबद्दल भाऊंचे हार्दिक आभार' असा फ्लेक्स लागला, तेव्हा काय ते समजले. कांताबाईंना मात्र कोणी कामावर घेतले नाही. बाकीच्या पंधराजणींना ठेवले आणि एकीला वगळले. शहाणपण शिकवण्याची ही जुनी रीत आहे, आणि ती चालते, कारण एका बाईसाठी कोण भांडत बसणार, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक असतो.

आमच्या कार्यकारिणीनेही एक ठराव केला. फळ्याचे 'पावसापासून संरक्षण व्हावे' म्हणून त्यावर काचेचे दार बसवले. दाराला कुलूप आहे. किल्ली अण्णांकडे असते. आत आता छापील सुविचार लावतात. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी माझा सत्कार ठरवला: शाल, श्रीफळ, मानपत्र. प्रमुख पाहुणे भाऊ.

दीपप्रज्वलनासाठी सर्वांनी चपला काढल्या होत्या. भाऊंनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि भाषणात 'आमच्या मावशींची निर्भीड कला' असे शब्द वापरले. मग ध्वनिक्षेपक माझ्यासमोर आला. आभाराच्या चार ओळी मी कागदावर लिहून नेल्या होत्या. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, कांताबाई बसल्या होत्या. सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन विचारले होते, "तुमचे नाव घेतले तर चालेल?" त्या म्हणाल्या होत्या, "घ्या. पन पुटपुटू नका."

मी अनवाणी होते, तरी या वेळी वाक्य वेळेवर आले. "भाऊ, कांताबाईंना कामावर कधी घेणार?"

एवढेच बोलले. आभाराचा कागद घडी करून पिशवीत टाकला. भाऊ क्षणभर हसत राहिले, मग पुढ्यातल्या माईककडे झुकून म्हणाले, "बघू मावशी. नक्की बघू." अण्णांनी घाईघाईने सर्वांना चहासाठी बाहेर बोलावले.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आले. कांताबाई एका दवाखान्यात फरशी पुसतात. घाटाच्या कामाइतके ते बरे नाही, लांबही आहे. फळा कुलपात आहे. म्हणून मी रोज सकाळी त्या काचेच्या दारासमोर रस्त्यावरच बसते. गुडघे कुरकुरतात. डांबरावर साखरेचा उपयोग होत नाही, खडू भराभर झिजतो. तिथे मी, कांताबाईंना विचारूनच, त्यांचा खराटा काढते, नाव घालते आणि खाली एक ओळ लिहिते: 'भाऊ, बघितले का?' येणारेजाणारे वाचतात. भाऊंची गाडीही त्याच रस्त्याने जाते.

आमच्या रस्त्यावर आता दुसरी बाई झाडते, सखूबाई. पहिल्या दिवशी ती झाडत झाडत चित्रापाशी आली, थांबली, खराटा टेकून उभी राहिली.

"बाई, पुसू का ह्ये?"

"ते माझ्या हातात नाही," मी म्हटले. "कांताबाईंना विचारावे लागेल."

तिने नाव वाचले, खराट्याच्या पोपटी पट्टीकडे पाहिले आणि वळसा घालून पुढे गेली. तेव्हापासून ती सगळा रस्ता झाडते. तेवढा एक चौकोन झाडत नाही.